शोभिवंत माशांची हेळसांड : विक्रेता आणि नवखा मत्स्यपालक यांच्या जबाबदारीचा विचार

सारांश :

घरात काचेच्या टाकीत शोभिवंत मासे पाळण्याचा छंद शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे. मात्र नव्याने पाळलेल्या माशांपैकी बरेच मासे पहिल्या काही आठवड्यांतच दगावतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. या मृत्यूंचा दोष विक्रेता ग्राहकाकडे आणि ग्राहक विक्रेत्याकडे ढकलतो. प्रस्तुत लेखात टाकीतील पाण्याचे शास्त्र, विक्रीव्यवहाराचे स्वरूप आणि प्रचलित कायदा यांच्या आधारे या जबाबदारीची विभागणी कशी करता येईल, याचे विवेचन केले आहे. ज्ञान, लाभ आणि नियंत्रण हे तीन निकष लावले असता विक्रीच्या क्षणी मुख्य जबाबदारी विक्रेत्याची ठरते व त्यानंतर ती क्रमाक्रमाने पालकाकडे सरकते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : शोभिवंत मासे, मत्स्यटाकी, अमोनिया, माहितीची विषमता, प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा.

१. प्रस्तावना :

मासे पाळण्याची मानवाची हौस प्राचीन आहे. आज घरोघरी दिसणारा गोल्डफिश हा मासा चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी निवडक पैदाशीतून माणसाळवला गेला. सर्वसामान्य जनतेसाठी काचेच्या टाक्यांचे दालन लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सुरू झाले. मुंबईत पारशी दात्याच्या देणगीतून उभे राहिलेले तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये खुले झाले आणि महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी रंगीत मासे प्रथम तेथेच पाहिले. पुढे क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारांतून, तसेच चेन्नईजवळील कोलाथूर आणि कोलकाता येथील पैदास केंद्रांतून येणारा माल लहान शहरांतील दुकानांपर्यंत पोहोचू लागला. आज जिल्ह्याच्या ठिकाणीच नव्हे, तर तालुक्याच्या बाजारपेठेतही 'फिश अ‍ॅक्वेरियम' अशी पाटी आढळते.

या प्रसाराबरोबर एक प्रश्नही घरोघरी पोहोचला. वाढदिवसाला मुलासाठी टाकी आणली जाते. त्याच दिवशी तीत पाणी भरून सहा-आठ मासे सोडले जातात. चार दिवस घरात उत्साह असतो. दुसऱ्या आठवड्यात एक मासा तळाशी निपचित पडलेला दिसतो, मग दुसरा. घरातील मंडळी दुकानात जातात, तेव्हा 'तुम्ही खाणे जास्त घातले असेल' असे उत्तर मिळते. घरी परतल्यावर 'दुकानदाराने आजारी मासे दिले' असा निष्कर्ष काढला जातो. दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे मनापासून खरे वाटते. मासा मात्र दोघांच्याही हिशेबात केवळ काही रुपयांचा असतो. उपचारापेक्षा नवा मासा स्वस्त पडतो आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते.

मासे का दगावतात, हे जाणणे आणि त्यास कोण जबाबदार आहे, हे ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तथापि पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याचे मिळत नाही. म्हणून आरंभी पाण्याच्या शास्त्राचा विचार करणे आवश्यक ठरते.

२. टाकीतील पाणी : दोषाचा माग का लागत नाही?

मासा आपल्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ पदार्थ प्रामुख्याने अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. न खाल्लेले अन्न व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदी-तलावात तो विपुल पाण्यात विरून जातो आणि जिवाणू त्याचे रूपांतर घडवून आणतात. काचेच्या टाकीतही हेच जिवाणू वाढू शकतात. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राईटमध्ये आणि दुसरा गट नायट्राईटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. हे जिवाणू मुख्यत्वे फिल्टरच्या स्पंजावर व तळाच्या वाळूखड्यांवर वस्ती करतात. नव्या टाकीत ही वस्ती नसते. आपल्याकडील उबदार हवामानातही ती पुरेशी वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

यातील हानीचे प्रमाण साध्या हिशेबाने लक्षात येते. मत्स्यसंवर्धनशास्त्रात खाद्याचे वजन, त्यातील प्रथिनांचे प्रमाण आणि ०.०९२ हा गुणांक यांच्या गुणाकाराने निर्माण होणाऱ्या अमोनियारूपी नत्राचा अंदाज बांधतात. ३५ टक्के प्रथिने असलेले अवघे ०.१ ग्रॅम खाद्य, म्हणजे जेमतेम एक चिमूट, रोज घातले, तरी सुमारे ३.२ मिलिग्रॅम अमोनियारूपी नत्र तयार होतो. चार लिटरच्या गोल काचपात्रात ही वाढ दररोज लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम होते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा टाकीत, जीत सुमारे ५० लिटर पाणी राहते, हीच वाढ लिटरमागे ०.०६ मिलिग्रॅमच्या आसपास असते. मासा तोच, खाद्य तेच, काळजी घेणारे हातही तेच. परंतु विषाची तीव्रता बारा पटींहून अधिक.

यात पाण्याच्या सामूची भर पडते. पाण्यातील अमोनियाचा जो अंश आयनरूपात नसतो, तोच माशास मुख्यतः घातक असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानास पाण्याचा सामू ७ असता हा अंश अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. दख्खनच्या काळ्या खडकातील विंधनविहिरींचे पाणी पुष्कळदा जड व आम्लारीधर्मी असते. त्यामुळे एका घरी तग धरणारे मासे शेजारच्या घरी त्याच पद्धतीने पाळूनही दगावू शकतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन हा आणखी एक घटक होय. तो माशांच्या कल्ल्यांना इजा करतो आणि उपकारक जिवाणूंनाही मारतो.

अमोनिया ओसरू लागतो, तेव्हा नायट्राईट वाढलेला असतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता हिरावून घेतो. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो आणि पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो. दुकानदार अशा वेळी खडेमीठ टाकण्यास सांगतात. हा सल्ला निराधार नाही. मिठातील क्लोराईडमुळे कल्ल्यांतून नायट्राईट आत शिरण्यास अटकाव होतो. परंतु त्यामुळे मूळ कारण दूर होत नाही. हौशी मत्स्यपालकांत या सर्व अवस्थेस 'न्यू टँक सिंड्रोम' म्हणतात.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब म्हणजे कालांतर. विक्री पहिल्या दिवशी होते. मृत्यू दहाव्या, पंधराव्या किंवा पंचविसाव्या दिवशी होतो. मधल्या काळात पालकाने कधी खाणे अधिक घातलेले असते, कधी पाणी बदललेले असते, तर कधी टाकी उन्हात ठेवलेली असते. त्यामुळे विक्रेत्याला बोट दाखवण्यास नेहमीच काही तरी सापडते. उलट पालकाने सर्व काही सांगितल्याप्रमाणे केले असेल, तर त्याला माशातच खोट होती असे वाटणे साहजिक असते. कारण आणि परिणाम यांत पडणारे हे अंतर जबाबदारीचा माग पुसून टाकते.

३. विक्रेत्याची बाजू आणि विक्रेत्याचे दायित्व :

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचा सिद्धांत मांडला. विक्रेत्यास मालाचे गुणदोष ठाऊक असतात आणि ग्राहकास ते ठाऊक नसतात, तेव्हा बाजारात हलक्या मालाचे प्राबल्य वाढून चांगला माल मागे पडू शकतो, असे त्यांनी दाखवले. २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसमवेत मिळाले, ते अशाच विवेचनाबद्दल. शोभिवंत माशांच्या बाजारात ही विषमता मोटारीपेक्षाही अधिक खोल आहे. मोटारीचा दोष निदान चालवताना कळतो. येथे मासा मेल्यावरही ग्राहकास त्याचे कारण कळत नाही. म्हणून चांगल्या व वाईट दुकानांत त्याला भेद करता येत नाही.

या विषमतेचे प्रत्यक्ष रूप दुकानाच्या मांडणीत दिसते. 'फायटर' या नावाने विकला जाणारा बेट्टा मासा दुकानात तळहाताएवढ्या बरणीत ठेवलेला असतो. या माशाला कल्ल्यांखेरीज हवेतून थेट प्राणवायू घेणारे विशेष इंद्रिय असते. त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो तग धरतो. परंतु तग धरणे आणि निरोगी जगणे एकच नव्हे. नर एकमेकांशी झुंजतात म्हणून विक्रीपुरती केलेली ही सोय ग्राहकास मात्र माशाच्या कायमच्या घराचा नमुना वाटते. गोल्डफिशसाठी गोल काचपात्र विकले जाते, तेव्हाही हेच घडते. साध्या जातीचा गोल्डफिश वीस सेंटिमीटरहून अधिक वाढू शकतो आणि योग्य निगा राखल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. इंग्लंडमधील 'टिश' नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये मेला, तेव्हा त्याचे वय ४३ वर्षे नोंदवलेले होते. आपल्याकडे त्याच जातीचा मासा महिनाभर जगला, तरी पुष्कळ झाले असे समजले जाते. ही समजूत माशाच्या आयुर्मानातून आलेली नसून काचपात्राच्या आकारातून आली आहे.

पूर्ण वाढीची कल्पना न देता केलेली विक्री हा दुसरा प्रकार होय. दुकानांत 'शार्क' म्हणून विकली जाणारी बोटभर लांबीची चंदेरी-करडी पिले वस्तुतः पंगास माशाची असतात. आपल्याकडे शेततळ्यांत व जलाशयांत खाण्यासाठी वाढवला जाणारा हा मासा एक मीटरहून अधिक लांब होऊ शकतो. तो कळपाने राहणारा व बुजरा आहे; दचकला की काचेवर तोंड आपटून घेतो. रूपचंद हा असाच खाद्यमासा 'पिरान्हा' म्हणून घरात येतो. रंगांची हाव ही याच्याही पुढची पायरी. परांबॅसिस रंगा हा आपल्याच देशातील काचेसारखा पारदर्शक मासा. त्याच्या अंगात सुईने रंग भरून त्याला विक्रीयोग्य बनवण्याची प्रथा या व्यापारात आढळून आली आहे. हा रंग काही महिन्यांत फिका पडतो. सुईने झालेल्या जखमांमुळे जडणारे रोग मात्र माशाला भोगावे लागतात.

विक्रेत्याच्या अडचणीही समजून घेणे न्याय्य ठरेल. लहान गावातील दुकानदार बहुधा स्वतःच हा व्यवसाय पाहून-पाहून शिकलेला असतो. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून दूरवरून आलेले मासे ताणाने आधीच क्षीण झालेले असतात. प्रवासात व दुकानात होणारी मर तोच सोसतो; शिवाय वीजबिल आणि गाळ्याचे भाडे असतेच. 'आज टाकी घ्या, मासे महिन्याने न्या' असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले, तर हिरमुसलेले मूल आणि त्याचे वडील शेजारच्या दुकानात जाण्याची शक्यता अधिक. म्हणजे प्रामाणिकपणाची किंमत एकट्या प्रामाणिक विक्रेत्याला मोजावी लागते. हे अ‍ॅकरलॉफ यांच्या विवेचनाशी सुसंगतच आहे.

तथापि अडचण हे स्पष्टीकरण झाले. ती सुटका होऊ शकत नाही. माशांच्या मृत्यूमुळे विक्रेत्याचा तोटा होत नाही, उलट पुन्हा मासे, पुन्हा औषधे, पुन्हा खाद्य अशी विक्री होते. अनेक दुकानांत 'विकलेला मासा परत घेतला जाणार नाही' असे सांगितले जाते. जिवंत प्राण्याच्या बाबतीत अशी अट समजण्यासारखी आहे. परंतु जो विक्रीनंतरची हमी नाकारतो, त्याच्यावर विक्रीपूर्वी माहिती देण्याचे कर्तव्य अधिकच येते.

४. नवख्या पालकाची जबाबदारी :

नवख्या पालकाकडून होणारी हानी पुष्कळदा निष्काळजीपणातून होत नाही. ती प्रेमापोटी व स्वच्छतेच्या आवडीपोटी होते, ही या विषयातील खेदाची बाब आहे. मासे काचेजवळ येतात म्हणजे ते भुकेले आहेत असे समजून घरातील प्रत्येक माणूस चिमूटभर खाणे टाकतो. वरील हिशेबात एका चिमटीचा परिणाम पाहिला. चार चिमट्यांचा अंदाज त्यावरून करता येईल. दर रविवारी मासे बादलीत काढून टाकी, खडे आणि स्पंज नळाखाली घासूनपुसून चकचकीत करणे हा दुसरा प्रकार. स्वयंपाकघरात जी स्वच्छता गुण ठरते, ती येथे घातक ठरते. कारण महिनाभरात जमू लागलेली जिवाणूंची वस्ती त्या एका धुण्यात नष्ट होते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. वस्तुतः आठवड्याला पाव हिस्सा पाणी क्लोरीन घालवून बदलणे आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून घेणे एवढे बहुधा पुरेसे असते.

ज्याला हे कोणी सांगितलेच नाही, त्याला पहिल्या दिवशी दोष देणे योग्य होणार नाही. परंतु अज्ञान ही कायमची सबब होऊ शकत नाही. पहिला मासा मेला की पालकाच्या हाती एक सूचना आलेली असते. ती सूचना घेऊन कारण शोधणारा पालक आणि तीच जागा भरण्यासाठी दुसऱ्या दिवशी नवा मासा आणणारा पालक यांत नैतिकदृष्ट्या मोठे अंतर आहे. कुत्रा मेला तर कोणी त्याच संध्याकाळी कारण न विचारता दुसरा आणत नाही. माशाच्या बाबतीत तसे घडते, कारण त्याला स्वर नाही आणि त्याचा चेहरा वेदना दाखवत नाही.

माशांना वेदना होतात काय, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात रेनबो ट्राउट माशाच्या डोक्याच्या भागात इजेची जाणीव करून देणारे चेताग्राहक आढळल्याचे दाखवले. इजा केल्यावर माशांच्या वर्तनात होणारे बदल केवळ प्रतिक्षिप्त क्रियेने स्पष्ट होत नाहीत, असेही त्यांनी नोंदवले. माशाला माणसासारखी वेदनेची जाणीव असते किंवा नाही, याबाबत शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु वेदनेची शक्यता नाकारता येत नसेल, तर ती नाही असे गृहीत धरून वागण्यापेक्षा ती आहे असे धरून वागणे अधिक विवेकाचे ठरते.

पालकाच्या जबाबदारीचा एक भाग टाकीबाहेरही जातो. वाढून मोठा झालेला वा नकोसा झालेला मासा नदीत, विहिरीत किंवा तलावात सोडून देणे हे अनेकांना पुण्यकर्म वाटते. टाकीची काच साफ ठेवतो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासा अशा रीतीने देशातील अनेक राज्यांच्या जलाशयांत पसरला आहे. तो काठांत बिळे करतो व त्याच्या कठीण, काटेरी शरीरामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. एका घरातील सुटका अशा रीतीने दुसऱ्या घराच्या उपजीविकेवर भार टाकते.

५. कायद्याची स्थिती :

प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा, १९६० नुसार मनुष्याखेरीज कोणताही सजीव प्राणी 'प्राणी' या संज्ञेत येतो. अर्थात मासाही त्यात येतो. या कायद्याचे कलम ३ प्राणी ताब्यात असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर त्याच्या कल्याणासाठी वाजवी उपाय योजण्याचे कर्तव्य टाकते. कलम ११ नुसार हालचालीस पुरेशी लांबी, रुंदी व उंची नसलेल्या पिंजऱ्यात अथवा पात्रात प्राण्यास ठेवणे हा गुन्हा आहे. 'पात्र' हा शब्द लक्षात घेतला, तर गोल काचपात्र या तरतुदीच्या कक्षेत येऊ शकते, असा अर्थ लावण्यास जागा आहे. परंतु पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे. पुष्कळदा मासा त्याहून महाग असतो.

केंद्र शासनाने मे २०१७ मध्ये मत्स्यालये व शोभिवंत माशांची दुकाने यांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांत दुकानांची नोंदणी, तपासणी आणि विशिष्ट जातींच्या विक्रीस मनाई अशा तरतुदी होत्या. व्यवसायाच्या उपजीविकेवर गदा येईल या भूमिकेतून त्यांना विरोध झाला आणि पुढे ते नियम मागे घेण्यात आले. त्यानंतर २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम आले. त्यांतील 'पाळीव प्राणी' या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीरवर्गीय प्राणी आणि पिंजऱ्यातील पक्षी यांचा उल्लेख आहे, माशांचा नाही. परिणामी मूळ कायद्याने प्राणी मानलेला मासा दुकानाच्या नियमांत मात्र अनुल्लेखित राहिला.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकास वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, किंमत आदींची माहिती मिळण्याचा हक्क देतो. तो हक्क उपयुक्त असला, तरी ग्राहकाचा आहे, माशाचा नव्हे. दुसरीकडे २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या पैदास प्रकल्पांना साहाय्याची तरतूद झाली. रोजगाराच्या दृष्टीने ती स्वागतार्ह आहे. तथापि उत्पादनास प्रोत्साहन देताना विक्री व निगा यांचे किमान निकष मोकळे राहिले, तर उत्पादन वाढेल तसे मृत्यूही वाढतील. इटलीतील रोम शहराने २००५ मध्ये गोल काचपात्रात मासे ठेवण्यास बंदी घातली होती. अशा बंदीची अंमलबजावणी घराघरांत कठीण असते. तरीही काय अयोग्य आहे, हे समाजाने स्पष्ट शब्दांत सांगण्यास महत्त्व आहे.

६. जबाबदारीच्या विभागणीचे निकष :

वरील विवेचनाच्या आधारे जबाबदारी ठरवण्यासाठी तीन निकष सुचवता येतात. पहिला निकष ज्ञानाचा : धोका कोणास ठाऊक आहे किंवा व्यवसायामुळे ठाऊक असावयास हवा? दुसरा लाभाचा : व्यवहारातून कोणास फायदा होतो? तिसरा नियंत्रणाचा : त्या क्षणी माशाचे हित कोणाच्या हाती आहे?

विक्रीच्या क्षणी हे तिन्ही निकष विक्रेत्याकडे बोट दाखवतात. मासा त्याच्या ताब्यात आहे, लाभ त्याचा आहे आणि ज्ञान त्याच्याकडे असणे अपेक्षित आहे. 'मलाही ठाऊक नव्हते' हे म्हणणे जिवंत प्राण्यांचा व्यापार करणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. या क्षणी मुख्य जबाबदारी त्याचीच.

मासा घरी आल्यावर नियंत्रण पालकाकडे जाते. ज्ञानही त्याच्याबरोबर गेले असेल, म्हणजे विक्रेत्याने योग्य माहिती दिली असेल, तर पुढील जबाबदारी निःसंशय पालकाची आहे. ज्ञान दुकानातच राहिले असेल, तर पहिल्या महिन्यातील हानीत दोघेही वाटेकरी ठरतात. पहिल्या मृत्यूनंतर मात्र चित्र बदलते. माहिती मिळवण्याची निकड आता पालकास कळलेली असते. तरीही तो तसाच वागत राहिला, तर दोषाचे पारडे त्याच्याकडे झुकते. विक्रेत्याबाबतही असेच म्हणता येईल. तोच ग्राहक तिसऱ्यांदा मासे घेण्यास येतो, तेव्हा 'आधीच्यांचे काय झाले?' हा प्रश्न न विचारता पिशवी भरून देणारा विक्रेता पुढच्या मृत्यूचा जाणता भागीदार असतो.

७. महाविद्यालयांची भूमिका :

हा प्रश्न महाविद्यालयांपासून दूर नाही. अनेक महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागात, प्राचार्यांच्या कक्षाबाहेर किंवा ग्रंथालयाच्या दर्शनी भागात मत्स्यटाकी असते. दिवाळीच्या सुट्टीत मुख्य बटण बंद केले जाते व त्यासरशी फिल्टरही थांबतो. माशाला काही दिवसांचा उपवास सोसतो; परंतु थांबलेल्या फिल्टरमधील जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात आणि सुट्टी संपता संपता मासेही मरतात. संस्थेत या टाकीची जबाबदारी शिपायाची, लिपिकाची की विभागप्रमुखाची, हे बहुधा कोठेच लिहिलेले नसते. घर आणि दुकान यांच्यातील टोलवाटोलवी येथेही घडते.

यावर उपाय अवघड नाहीत. प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र विभागांनी मिळून परिसरातील पाण्याचा सामू, जडपणा व क्लोरीन यांची तपासणी करून मराठीत एक पानी माहितीपत्रक तयार करावे. त्यात प्रत्येक प्रचलित जातीच्या माशाची पूर्ण वाढ, लागणारी किमान टाकी, सोबत ठेवण्याजोगे मासे, खाद्याचे प्रमाण आणि पाणी बदलण्याची रीत एवढेच असावे. ते स्थानिक दुकानदारांना मोफत द्यावे. एकट्याने प्रामाणिक राहण्याची किंमत दुकानदारास परवडत नाही. परंतु गावातील सर्वच दुकानांत तेच पत्रक लावलेले असेल, तर ती किंमत राहत नाही. वाणिज्य विभागातील विद्यार्थ्यांना माहितीच्या विषमतेचा सिद्धांत शिकवण्यास याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण. महाविद्यालयातील टाकीवर जबाबदार व्यक्तीचे पदनाम लिहावे व तिच्यासाठी विजेची स्वतंत्र जोडणी ठेवावी, हेही तितकेच आवश्यक आहे.

दुकानदारांनी 'आधी टाकी, महिन्याने मासे' ही पद्धत स्वीकारावी. ते शक्य नसेल, तेथे निदान पहिल्या विक्रीत एक-दोन काटक मासेच द्यावेत आणि जुन्या, चालू टाकीतील स्पंजाचा तुकडा सोबत द्यावा. त्यामुळे जिवाणूंची वस्ती लवकर वाढते आणि दुकानदाराला त्यासाठी फारसा खर्च येत नाही.

८. समारोप :

शोभिवंत माशांची हेळसांड हा दुष्ट विक्रेता आणि निष्पाप ग्राहक, किंवा अज्ञ ग्राहक आणि हतबल विक्रेता, अशा सोप्या चौकटीत बसणारा विषय नाही. कारण आणि मृत्यू यांच्यातील काही आठवड्यांचे अंतर दोघांनाही निर्दोष वाटू देते. पाण्याचे शास्त्र लक्षात घेतले की हे अंतर नाहीसे होते आणि कोणत्या टप्प्यावर कोणाचे काय चुकले, हे स्पष्ट दिसू लागते. विक्रेत्याने माहिती देणे आणि पालकाने पहिल्या मृत्यूनंतर तरी ती शोधणे, या दोन गोष्टी घडल्या, तर बहुसंख्य मासे वाचू शकतील. कायद्याने माशाला दुकानाच्या नियमांत स्थान दिले, तर या दोन्ही गोष्टी सद्भावनेवर अवलंबून राहणार नाहीत. तोपर्यंत दुकानातून पिशवी हाती घेणाऱ्याने 'हे मासे मोठे किती होतात आणि यांना जागा किती लागते?' एवढे दोन प्रश्न विचारावेत आणि ज्या दुकानात त्यांची उत्तरे मिळत नाहीत, तेथून रिकाम्या हाताने परतावे.